शिपायाला चाळणी, मंत्र्याला पायघड्या

गावात बांधावरून मारामारी झाली की फिर्यादीत घरातल्या सगळ्या पुरुषांची नावं पडतात. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोराचं नाव तर आवर्जून घातलं जातं. जुन्या भारतीय दंड संहितेत ती कलमं ३२३, ५०४, ५०६ होती. कधी सोबत चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याचं बंधपत्र. पुढे जाणती माणसं मध्ये पडतात, तडजोड होते, लोकअदालतीत प्रकरण मिटतं. पोराला वाटतं, सुटलो. मग तो मैदान मारतो, लेखी काढतो, निवड यादीत नाव लागतं आणि साक्षांकन नमुना हातात येतो.

मी वकिली करते. ही पोरं तो नमुना घेऊन माझ्याकडे येतात. वरच छापलेलं असतं, की खोटी माहिती दिली किंवा माहिती दडवली तर अपात्र. खाली प्रश्न : कधी अटक झाली होती का, खटला चालला का, बंधपत्र घेतलं गेलं का, दंड झाला का. त्या चौकटीवर बोट ठेवून पोरगा विचारतो, "मॅडम, केस तर मिटली. मग लिहायचं कशाला?" कुणीतरी त्याला आधीच सांगून ठेवलेलं असतं, "नाही म्हणून टाक, कोण बघतंय?" ठाण्याच्या रेकॉर्डवर मात्र सगळं असतं. पडताळणीत ते वर येतं आणि निवड रद्द होते.

पोलिसाने खोटं बोलू नये, हे मला मान्य आहे. बाईवर हात टाकणारा, लाच घेणारा गडी खात्यात येऊच नये, असंच माझं म्हणणं आहे. पण हा पोरगा खोटं का बोलतो? खरं लिहिलं तरी घरीच बसावं लागेल, ही भीती त्याला आहे आणि ती खोटी नाही. 'गुन्हा दाखल असल्याने अपात्र' एवढ्या एका ओळीचे आदेश मी हातात धरले आहेत. आरोप काय होता, वय काय होतं, निकाल काय लागला, याबद्दल चकार शब्द नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०१६ साली अवतार सिंग खटल्यात हा घोळ निस्तरला. तरुणपणी दिलेल्या घोषणांसारखी किरकोळ बाब असेल तर ती दडवली तरी अधिकारी दुर्लक्ष करू शकतो; उलट खरं सांगितलं तरी नेमणूक द्यायलाच हवी असं नाही, पूर्वचारित्र्य तपासायचा हक्क खात्याला आहे. म्हणजे डोकं वापरून ठरवा. ते कष्ट कोण घेतो? नकार देणं सोपं, अंगाशी येत नाही. पोराने मग उच्च न्यायालयात जावं, वर्षं घालवावीत, तोवर वयाची अट ओलांडावी. नकाराची कारणं सविस्तर लेखी द्या आणि देण्याआधी पोराचं म्हणणं ऐका, एवढी माझी साधी मागणी आहे.

आणि हे सगळं लाठी घेऊन बंदोबस्ताला उभ्या राहणाऱ्या शिपायासाठी! गृहखात्याच्या गोपनीय फायली ज्याच्या टेबलावर जातात, त्या मंत्र्याची अशी पडताळणी कोण करतो? तो गोपनीयतेची शपथ घेतो आणि काम संपतं. २०२४ च्या लोकसभेत निवडून आलेल्या ५४३ पैकी २५१ खासदारांनी आपल्यावर फौजदारी खटले असल्याचं स्वतःच प्रतिज्ञापत्रात लिहिलं आहे. बहुतेकांवरचे आरोप सिद्ध झालेले नाहीत, म्हणून ते निवडणूक लढवू शकतात. मग केस मिटलेल्या पोराने काय घोडं मारलंय?

प्रतिज्ञापत्रात खोटं लिहिलं तर? लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५-अ खाली जास्तीत जास्त सहा महिने कैद, किंवा नुसता दंड, किंवा दोन्ही. त्या शिक्षेने आपोआप अपात्रताही येत नाही. इथे पोराची उभी नोकरी जाते. खोट्या प्रतिज्ञापत्राला किमान दोन वर्षांची शिक्षा ठेवा आणि अपात्रही ठरवा, असं विधी आयोगाने आपल्या २४४ व्या अहवालात २०१४ सालीच सांगितलं होतं. ज्यांनी तो कायदा करायचा, तेच ही प्रतिज्ञापत्रं भरतात.