रसिकाचा रुपया कोणाचा?

गायकाला बिदागी द्यावी, याविषयीं आपल्या समाजांत दुमत नाहीं. दुमत होतें तें ती बिदागी अखेर कोणाच्या हातीं पडते, हें पाहूं लागल्यावर. हल्लीं सुशिक्षित घरांतून गाणें ऐकलें जातें तें बहुधा स्ट्रीमिंगच्या द्वारें. आणि महिन्याची वर्गणी भरली कीं आपण कलावंताचें ऋण फेडलें, अशी आपली प्रामाणिक समजूत असते. ही समजूत चुकीची आहे, आणि ती कायम राहण्यांत मध्यस्थांचें हित आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम हिशेबाची रीत पाहूं. २०१९ सालीं भारतांत आलेली स्पॉटिफाय घ्या. ती दर गाण्यामागें ठराविक रक्कम देत नाहीं. वर्गण्या व जाहिराती यांचें उत्पन्न गंगाजळींत पडतें आणि त्यांतील सुमारें दोनतृतीयांश भाग एकूण श्रवणसंख्येच्या प्रमाणांत हक्कदारांस वांटला जातो. समजा, दोन घरें सारखीच वर्गणी भरतात. एका घरीं महिन्यांत २० वेळां एकाच गायिकेचें गाणें ऐकतात. दुसऱ्या घरीं दिवसभर कांहीं ना कांहीं वाजत राहून संख्या २००० होते. वांटणीच्या वेळीं दुसऱ्या घराचें वजन पहिल्याच्या शंभरपट! म्हणजे पहिल्या घराचा बहुतेक पैसा, त्यानें कधीं न ऐकलेल्या गाण्यांच्या मालकांकडे जातो. ज्याच्यासाठीं रुपया मोजला त्याला तो मिळूं नये, हा कोणता व्यापारी न्याय?

आपल्या रागसंगीताचें तर याहून मोठें नुकसान होतें. तेथें ३० सेकंद ऐकलें कीं एक श्रवण गणतात. अर्ध्या तासाचा विलंबित ख्याल शेवटपर्यंत ऐका किंवा एखादें चित्रपटगीत अर्ध्या मिनिटांत सोडून द्या; हिशेबाच्या वहींत दोन्हींची किंमत एकच. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटांचीच जागा असे, म्हणून त्या काळच्या गवयांना राग तेवढ्यांत बसवावा लागला. ती यंत्राची मर्यादा होती. आज यंत्राला ती मर्यादा उरली नाहीं. ती हिशेबनिसानें पुन्हा निर्माण केली आहे.

यावर स्ट्रीमिंगचे कैवारी म्हणतात, "चोरट्या नकलांनीं संगीताचा धंदा बुडत होता, आम्हीं तो तारला, आणि उत्पन्नाचा मोठा वांटा बाहेर देतों." दोन्ही गोष्टी आम्हांस मान्य आहेत. परंतु हक्कदार म्हणजे गायक नव्हे. पैसा बहुधा प्रथम रेकॉर्ड कंपनीकडे जातो आणि तेथून कराराप्रमाणें कलावंताकडे झिरपतो. करार जुना असेल, आगाऊ रकमेची फेड बाकी असेल, तर तो झिरपतही नाहीं. शिवाय ज्या बड्या रेकॉर्ड कंपन्यांनीं स्पॉटिफायशीं दर ठरविले, त्यांनींच तिचे भागही घेतले होते! ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीनें २०२१ सालीं चौकशी करून या व्यवस्थेची मुळापासून फेरमांडणी करावी, असा अभिप्राय दिला, तो उगाच नव्हे.

दुसरा आक्षेप असा कीं, करारावर सही कलावंतानेंच केली. हा वाद आपणांस नवा नाहीं. गेल्या शतकाच्या सातव्या दशकांत लता मंगेशकर यांनीं पार्श्वगायकांस रॉयल्टी मिळावी असा आग्रह धरला. एकदां मानधन घेतल्यावर हक्क संपला, असें महंमद रफी यांचें म्हणणें होतें. त्या मतभेदापायीं दोघांचें एकत्र गाणें कांहीं वर्षें बंद राहिलें. न्याय कोणत्या बाजूला होता, हें २०१२ च्या कॉपीराइट कायद्याच्या दुरुस्तीनें दाखविलें. गीतकार व संगीतकार यांचा रॉयल्टीचा वांटा कंपनीला करारानेंही लिहून घेतां येऊं नये, अशी तरतूद झाली. गायक-वादकांचाही व्यापारी उपयोगावरील हक्क मान्य झाला. गरजू माणसाची सही म्हणजे त्याची खुषी नव्हे, हें कायद्याला कळलें. तें रसिकाला कळूं नये काय?

त्यांत २०२४ पासून स्पॉटिफायनें नवा नियम केला आहे. मागील १२ महिन्यांत १००० श्रवणें न झालेल्या ध्वनिमुद्रणास या वांटणींत कांहींच मिळत नाहीं. तो पैसा इतरांकडे वळतो. कंपनी म्हणते, या रकमा इतक्या क्षुल्लक कीं बँकेच्या खर्चांतच त्या विरतात. असेल! मग त्या सांठवून ठेवाव्या. रक्कम अल्प आहे एवढ्यानें ती दुसऱ्याची होत नाहीं.

उपाय अशक्य कोटींतला नाहीं. प्रत्येकाची वर्गणी त्यानें ऐकलेल्या कलावंतांतच वांटावी, ही पद्धत साउंडक्लाउडनें २०२१ सालीं कांहीं स्वतंत्र कलावंतांपुरती चालू करून दाखविली. तिला श्रवणाच्या कालावधीची जोड द्यावी आणि कलावंताला आपला हिशेब मागतांच पाहावयास मिळावा. हें होईपर्यंत वाचकांनीं एवढें तरी करावें : जें गाणें मनाला भिडलें, त्याच्या गायकाची मैफल तिकीट काढून ऐकावी, त्याचें ध्वनिमुद्रण त्याच्याकडूनच विकत घ्यावें. फुकट्या श्रोत्याला आपण नांवें ठेवतों. पण पैसे मोजूनही कलावंताला उपाशी ठेवणारी व्यवस्था मुकाट्यानें चालूं देणारा श्रोता त्याच्याहून फारसा निराळा नाहीं.