सोशिकतेचा गौरव : एक अलक्षित स्त्रीद्वेष

लोकप्रिय माध्यमांतील स्त्रीद्वेषाची चर्चा आपल्याकडे प्रामुख्याने अश्लीलतेच्या अंगाने होते. द्व्यर्थी संवाद, देहप्रदर्शन, जाहिरातींतील स्त्रीप्रतिमा यांवर आक्षेप नोंदविला की समीक्षेचे कर्तव्य पार पडले असे मानले जाते. परंतु स्त्रीची अवहेलना केवळ निंदेतूनच होते असे नाही. ती गौरवातूनही होते, आणि अशी अवहेलना ओळखणे अधिक कठीण असते. विजय कोंडके दिग्दर्शित 'माहेरची साडी' (१९९१) हा अफाट लोकप्रियता लाभलेला चित्रपट आणि त्याच्या यशाने बळकट झालेला कौटुंबिक चित्रपटाचा साचा यांचा विचार या दृष्टीने व्हावयास हवा.

या साच्यातील नायिका सोसते, आणि सोसते म्हणूनच थोर ठरते. छळाची सूत्रे सासू-नणंदेच्या हाती असतात. पती बहुधा अनभिज्ञ, असहाय किंवा हलक्या कानाचा. परिणामी कुटुंबातील सत्तेचा प्रश्न हा दोन स्त्रियांच्या स्वभावाचा प्रश्न होऊन बसतो. १९८३ साली भारतीय दंड संहितेत समाविष्ट झालेल्या ४९८अ या कलमात आधी पतीचा उल्लेख होता, नंतर त्याच्या नातेवाइकांचा. चित्रपटाने हा क्रम उलटा केला. २००१ साली सुरू झालेल्या दूरचित्रवाणी मालिकेला 'चार दिवस सासूचे' हे शीर्षक एका म्हणीने पुरविले. ती म्हण सत्तेची पाळी सासू आणि सून यांच्यात वाटून देते. घर ज्याच्या नावावर आहे तो पुरुष मात्र म्हणीत कोठेच नाही.

'प्रेक्षकांना हेच हवे असते' हे समर्थन इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. व्ही. शांताराम यांच्या 'कुंकू' (१९३७) या चित्रपटातील नीरा वृद्ध विधुराशी फसवून लावलेले लग्न मनाने स्वीकारीत नाही, आणि तरीही तो चित्रपट लोकप्रिय झाला. नकार देणारी नायिका मराठी प्रेक्षकाला परकी नव्हती.

मग स्त्रिया या सोशिक नायिकेसाठी का रडल्या? त्या अश्रूंची 'रडका चित्रपट' म्हणून टर उडविणारी आपली समीक्षाही स्त्रीविषयक तुच्छतेपासून मुक्त नव्हती. सासुरवास हा त्या प्रेक्षकवर्गाचा जिवंत अनुभव होता, आणि माहेर हा त्याच्या अभिव्यक्तीचा जुना शब्द. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून संकलित झालेल्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या याची साक्ष देतात. ओवीतही सासू कठोर आहे. पण तेथे बोलणारी स्त्री स्वतः आहे, आणि ऐकणारी तिच्यासोबत दळणारी दुसरी स्त्री. दुःख तेथे उच्चारले जाते. त्याची गुणवत्ता म्हणून नोंद होत नाही. चित्रपटाने ओवीतील माहेर घेतले, साडी घेतली, अश्रू घेतले. बोलणारीचा अधिकार तेवढा मागे ठेवला. ओवीत जी वक्ती होती ती पडद्यावर आदर्श मूर्ती झाली. मूर्तीची पूजा होते, तिचे म्हणणे ऐकले जात नाही.

पुरुषांनी लिहिलेल्या ग्रंथांतून स्त्रीचे दुर्गुण कसे रचले जातात याचा जाब ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' (१८८२) या निबंधात विचारला होता. आज स्त्रीचे सद्गुण कोण रचतो आणि कोणाच्या सोयीसाठी, हाही जाब विचारावयास हवा. मराठी विभागांनी लोकप्रिय चित्रपट आणि मालिका यांना अभ्यासाबाहेर ठेवून आपली अभिरुची जपली असेल. परंतु घराघरांत स्त्रीत्वाची व्याख्या ज्या संहितांनी घडविली, त्या वाचण्याची जबाबदारी मात्र टाळली. ओवी आणि चित्रपट एकाच अभ्यासपत्रिकेत शेजारी ठेवले, तर माहेर या एका शब्दाचा प्रवासही विद्यार्थ्याला पुष्कळ शिकवून जाईल.