उतारा कोण वाचणार?

जमीन देवळाची, मठाची, चर्चची असो की वक्फची, वाद एकच. कसणारं घर म्हणतं, "पिढ्यान्‌पिढ्या आम्हीच राबलो." संस्था म्हणते, "दान आम्हाला मिळालंय." दोघांचंही खरं असू शकतं, म्हणूनच शेवटी कागद बोलतो.

कर्नाटकात १९७४ च्या जमीन सुधारणेनं कुळांना फॉर्म नंबर सात भरून हक्क मागता आला. ज्यांनी मुदतीत भरला नाही, त्यांचा दावा लंगडा पडला. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की देवस्थानच्या जमिनीचा मालक देवच, पुजारी फक्त व्यवस्था बघणारा. २०२४ मध्ये विजापूरच्या शेतकऱ्यांना वक्फच्या नोटिसा आल्या. ओरड झाल्यावर सरकारनं त्या मागे घ्यायला लावल्या.

आपल्या सीमाभागात आणखी एक अडचण आहे. उतारा येतो कन्नडमध्ये, आणि घरातल्या कित्येक म्हाताऱ्यांना तो वाचता येत नाही. आपण मात्र शाळेत कन्नड शिकलोय. तेव्हा मित्रांनो, उद्यमबागेतून सुट्टीला गावी जाल तेव्हा उतारा काढा, मालकाच्या रकान्यातलं नाव आजोबांना वाचून दाखवा. संस्थांनीही आपली दानपत्रं गावासमोर ठेवावीत. नोटीस यायच्या आधी बोललं, तर कोर्टाची पायरी टळेल.