लेखणी, पडदा आणि व्यासपीठ



आमच्या पिंपळगाव रेणुकाईला मिरचीच्या हंगामात बाहेरगावचे व्यापारी येतात, तसे जयंतीला बाहेरगावचे वक्ते येतात. भाव दोघांचाही आधी ठरतो. (बोचेल, पण जयंती समितीचा हिशेब मीच लिहितो.) म्हणूनच बोलण्यापायी ज्याने स्वतः किंमत मोजली, अशा एका वक्त्याविषयी आज लिहितो.

निखिल वागळे हे नाव मी प्रथम वाचले ते मुंबईहून येणाऱ्या काकांच्या पिशवीतल्या अंकांवर. १९९० साली सुरू झालेल्या 'आपलं महानगर' या सांजदैनिकाचे ते संपादक. अंक आठ-आठ दिवस शिळे असत, तरी समाजमंदिराच्या ओट्यावर मोठ्याने वाचले जात. १९९१ मध्ये शिवसैनिकांनी त्या पत्राच्या कचेरीवर हल्ला केला. १९९४ मध्ये एका अग्रलेखावरून विधिमंडळाने हक्कभंगाखाली वागळ्यांना चार दिवस तुरुंगात धाडले.

२००८ मध्ये आयबीएन-लोकमत वाहिनी निघाली आणि हा संपादक घराघरांत दिसू लागला. 'आजचा सवाल'च्या वेळी लाईट असली, की आम्ही शेजाऱ्याकडे जाऊन बसत असू. त्यांचे सगळेच पटत नसे. प्रश्न विचारायचा आणि उत्तर पुरे होण्याआधीच पाहुण्याला तोडायचे, ही सवय वाईटच. पण समोर मंत्री असला म्हणून आवाज खाली आला, असे मी पाहिले नाही. २० नोव्हेंबर २००९ रोजी शिवसैनिकांनी त्या वाहिनीचीही कचेरी फोडली. २०१४ मध्ये वाहिनीची मालकी बदलली आणि त्याच वर्षी वागळे बाहेर पडले. पुढे टीव्ही नाइनवरचा 'सडेतोड' हा कार्यक्रमही २०१७ मध्ये बंद झाला.

मग उरले काय? माइक आणि समोर बसलेली माणसे. ॲड. असीम सरोदे व विश्वंभर चौधरी यांच्यासह 'निर्भय बनो'च्या सभा सुरू झाल्या. कचेरीला निदान दार असते, वाहिनीला पहारेकरी असतो. वक्त्याला मात्र रस्त्यानेच यावे लागते. अडवाणींना भारतरत्न जाहीर झाल्यावर वागळ्यांनी टीका केली, तेव्हा भाजपच्या कार्यकर्त्यांनी पुण्यातील सभेला विरोध जाहीर केला. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी सभेला जाताना जमावाने त्यांच्या गाडीच्या काचा फोडल्या. तशाच गाडीतून तिघे साने गुरुजी स्मारकात पोहोचले आणि सभा झाली.

त्या वर्षी आमच्या समितीच्या बैठकीत एका तरुणाने असाच रोखठोक बोलणारा वक्ता सुचविला. लगेच कुजबूज झाली, "मंडपवाला भरपाई मागेल, वर्गणी तुटेल." शेवटी कुणालाच न दुखावणारे गृहस्थ आले, तासभर बोलले, शाल-नारळ घेऊन गेले. त्यांचे मानधन मी खर्चात लिहिले. बैठकीत मात्र मी एक शब्दही बोललो नव्हतो.

त्या तरुणाने यंदा वर्गणी दिली, बैठकीला आला नाही. मी त्याच्या घरी जाणार आहे.