जुनी यामाहा घेताना



सोयाबीनची पट्टी झाली, उसाचा हप्ता खात्यावर पडला, की घरातला तरणा मुलगा हळूच विषय काढतो. नवी गाडी त्याला नकोच असते. हवी असते जुनी यामाहा आर. एक्स. १००. एस्कॉर्ट्स कंपनीने जपानच्या यामाहाच्या सहकार्याने ही गाडी १९८५ साली बाजारात आणली, आणि १९९६ साली तिचे उत्पादन थांबले. म्हणजे 'अगदी शेवटची' म्हणून दाखवतील तीसुद्धा बहुधा मुलापेक्षा वयाने मोठी. इंजिन अवघे ९८ सी. सी.चे, ताकद ११ अश्वशक्ती, पण अंग हलके. मूठ पिळली की उधळलेल्या खोंडासारखी सुटते. शहरातले हौशी लोक जुनी स्पोर्ट्स कार बाळगतात, आपल्याकडे तीच हौस दोन चाकांवर भागते. पोरांना नावे ठेवण्यात अर्थ नाही.

मात्र पैसे मोजण्याआधी घाई करू नका. रंग पाहून भुलू नका, रंग आठवड्यात मारून मिळतो. फडके घेऊन हँडलखालचा चासीचा नंबर आणि इंजिनवरचा नंबर पुसा, आणि गाडीच्या पुस्तकातल्या नंबराशी एकेक आकडा ताडून पाहा. कानशीने घासल्यासारखा किंवा नव्याने ठोकल्यासारखा दिसला, तर चहा न घेता उठा. या गाडीला भाव आहे, म्हणून तिच्या चोऱ्याही होतात आणि दोन गाड्यांची एक केलेलीही मिळते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. ते झाले आहे का पाहा. 'कागद नंतर देतो' म्हणणाऱ्याला पैसेही नंतरच द्यावेत.

विकणारे तुम्ही असाल तर नमुना २९ आणि ३० वर सह्या करून हात झटकू नका. चौदा दिवसांत आर. टी. ओ.ला कळवायचे असते, आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव लावून घ्यायचे असते. नाव तुमचेच राहिले आणि अपघात झाला, तर भरपाईसाठी पुस्तकावरचा मालकच जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे.

आता इंजिनाविषयी. हे दोन-स्ट्रोकचे इंजिन आहे. यात पिस्टनला वंगण मिळते ते पेट्रोलबरोबर जाणाऱ्या टू-टी तेलाचे, आणि ते तेल जळून जाते. तो निळसर धूर त्याचाच. मूळ गाडीत तेलाची वेगळी टाकी आणि छोटा पंप असतो. पुष्कळ जुन्या गाड्यांत हा पंप काढून टाकलेला असतो आणि तेल पेट्रोलातच मिसळावे लागते. विकणाऱ्याला हे स्पष्ट विचारा. कारण अशा गाडीत कोणी नुसते पेट्रोल ओतले, तर थोड्याच अंतरात पिस्टन धरतो आणि मागचे चाक जागच्या जागी बसते. पन्नासच्या वेगात असे झाले तर काय होईल, ते सांगायला नको. मुलाला एवढे शिकवाच: आवाज बदलला, ओढ कमी झाली, की ताबडतोब क्लच दाबायचा. घाट उतरताना मूठ पूर्ण बंद करून इंजिनावर गाडी सोडू नये. मूठ बंद म्हणजे तेलही बंद. मधून मधून थोडी मूठ द्यावी.

आता पंपावरच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यातले काही आपल्याच उसाचे, पण जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. नळ्या आणि कार्बोरेटरचे वायसर पहिल्याच महिन्यात बदलून घ्या. ब्रेकचे लायनरही. दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, आणि ओढ्यातून गाडी काढली की ते ओले होऊन धरत नाहीत. पलीकडे गेल्यावर हळू चालवत दोनचार वेळा ब्रेक दाबून वाळवावेत.

पंप काढलेली गाडी घरी आणलीच, तर लिटरला किती तेल हे मिस्त्रीकडून विचारून टाकीच्या झाकणाजवळ रंगाने लिहून ठेवा. गाडी रोज मोठा चालवतो, पण ऐन गडबडीत बाटलीने पेट्रोल ओतणारा धाकटा असतो.