अनाथांचा रविवार आणि आपली कार्तिकी

कार्तिकी एकादशीच्या पर्वकाळी चंद्रभागेच्या वाळवंटात उभे राहिले की कानांवर भगवंताची नाना नामे येतात. त्यांत 'अनाथनाथ' हे नाम अग्रभागी असते. नाम घेणाराच्या मनात बहुधा स्वतःचे अनाथपण असते. संसारतापाने पोळलेला जीव स्वतःस अनाथ म्हणवून घेतो आणि देवास नाथ म्हणून हाक घालतो. भक्तिशास्त्राच्या दृष्टीने हे यथार्थच आहे. परंतु ज्याचे आईबाप खरोखरीच नाहीत, जो या गर्दीत कोणाचेही बोट धरून आलेला नाही, त्या बालकाने तेच नाम घेतले तर त्याचा अर्थ काय होतो, हा विचार मला गतवर्षी एका बाईंच्या प्रश्नामुळे करावा लागला.

उत्तररंगात जनाबाईचे आख्यान लावले होते. गंगाखेडची पोर, माता निवर्तल्यावर पित्याने पंढरीस दामाशेटींच्या घरी आणून सोडली, नामदेवांच्या त्या घरात ती वाढली आणि विठ्ठलाने तिच्यासवे दळण दळले, हे सर्व यथासांग सांगून मी आरती केली. मंडळी उठली. एक मध्यमवयीन बाई मात्र खांबाशी थांबल्या होत्या. जवळ येऊन त्या म्हणाल्या, "बुवा, दामाशेटींनी जनीला ठेवून घेतली म्हणता, ती लेक म्हणून की कामाला म्हणून?" चाळीस वर्षे मी हे आख्यान सांगत आलो आहे, हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि माझ्या मनातही आला नव्हता. परंपरा तिला दासी म्हणते, ती स्वतःसही दासी म्हणवते. आपण त्या शब्दाचा आध्यात्मिक अर्थ लावून मोकळे होतो. जाते, शेणी आणि पाणी मात्र तिच्याच वाट्यास होते.

तो प्रश्न डोक्यात घोळत असता ख्रिस्ती जगतातील एका प्रथेची मला माहिती झाली. नोव्हेंबर महिन्याचा दुसरा रविवार अनेक चर्चमध्ये 'अनाथांचा रविवार' म्हणून पाळला जातो. आपली कार्तिकीही बहुतेक वर्षी याच महिन्यात येते, म्हणून या दोहोंची सांगड घालण्याचे धाडस करतो. हा रविवार जरी अमेरिकेतील 'ख्रिश्चन अलायन्स फॉर ऑर्फन्स' या संघटनेने सर्वत्र नेला असला, तरी त्याचा उगम श्रीमंत देशात झालेला नाही. तो आफ्रिकेतील झांबिया देशातला आहे. एड्सच्या साथीने त्या देशात तरुण आईबापांची पिढीच्या पिढी कापून काढली आणि घरोघरी आज्या व थोरल्या बहिणी तेवढ्या उरल्या. अशा एका गावातील उपासनेत पाद्र्याने अनाथ मुलांसाठी झोळी पसरली, तेव्हा स्वतःच विपन्न असलेल्या भाविकांनी धान्य, कपडे पुढे केले आणि कित्येकांनी पायांतील जोडेही काढून ठेवले, असे तेथे उपस्थित असलेल्या अमेरिकी पाहुण्याने सांगितले आहे.

ख्रिस्ती धर्मग्रंथात याकोबाचे पत्र म्हणून एक लहानसे प्रकरण आहे. त्याच्या पहिल्याच अध्यायात, देवासमोर शुद्ध ठरणारा धर्म कोणता याचे उत्तर देताना, अनाथांचा व विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घेणे, हे अग्रस्थानी सांगितले आहे. त्या एका वचनावर गेल्या दोन शतकांत केवढे कार्य उभे राहिले! प्रशियात जन्मलेल्या जॉर्ज म्युलर नामक धर्मोपदेशकाने इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी १८३६ साली तीस मुलींचे घर काढले. १८७० पर्यंत तेथे पाच भव्य इमारती उभ्या राहून दोन हजारांवर मुलांची सोय झाली. १८९८ साली तो वारला तोवर दहा हजारांहून अधिक मुले त्याच्या छत्राखाली वाढून गेली होती. त्याने कोणापुढे हात पसरला नाही, केवळ प्रार्थना केली, असे सांगतात. आपल्या अयाचित वृत्तीच्या सत्पुरुषांची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही.

मला विशेष वाटते ते मुलांना या कार्यात गुंतविण्याचे. फ्रान्समधील नान्सीचे बिशप फोर्बिन-जान्सन यांनी १८४३ साली बालकांची एक संघटना स्थापिली. तिचा नियम इतका सोपा की कोणत्याही मुलास पाळता यावा : रोज एक छोटी प्रार्थना आणि महिन्यास एक नाणे, दूरदेशीच्या निराधार मुलांसाठी. जर्मनीत १९५९ पासून जानेवारीच्या आरंभी मुले तीन राजांचा वेष घेऊन गाणी गात दारोदार फिरतात, चौकटीवर खडूने आशीर्वादाची अक्षरे व साल लिहितात आणि मिळालेली वर्गणी जगभरच्या गरजू मुलांकडे जाते. आजवर अशी एक अब्ज युरोंहून अधिक रक्कम जमली आहे. पहाटे दारी येणारा वासुदेव ज्याने पाहिला आहे, त्याला हे दृश्य परके वाटणार नाही.

आता दुसरी बाजू. ती न सांगता पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्या फ्रेंच संघटनेचा एक प्रधान हेतू, चीनमधील टाकून दिलेल्या मरणोन्मुख अर्भकांना बाप्तिस्मा मिळावा, हा होता. अन्न आणि धर्मांतर यांची अशी सरमिसळ झाल्यानेच आपल्याकडे मिशनांविषयी संशय उत्पन्न झाला, आणि तो सर्वस्वी निराधार होता असे म्हणता येत नाही. परंतु पंडिता रमाबाईंचे चरित्र पाहा. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही कन्या, भागवत मुखोद्गत. आईबाप दुष्काळात गेले, भावासह हिंदुस्थानभर पायी हिंडली, १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' ही पदवी दिली. १८८३ साली तिने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे शारदासदनातील मुलींच्या धर्मांतरावरून १८९३ साली मोठे वादळ झाले. तिच्यावर टीका करण्यात आपल्या वाडवडिलांनी लेखण्या झिजविल्या. १८९६ नंतरच्या दुष्काळांत मात्र शेकडो निराश्रित मुली-बायकांना गाडीत घालून केडगावास कोण घेऊन आले? तीच बाई. संस्कृत विद्येचा अभिमान मिरवणाऱ्या मजसारख्यास हा विषय अजून टोचतो. मुली गेल्या म्हणून आपण रडलो; त्या उघड्यावर होत्या तेव्हा आपली दारे किती उघडली होती, याचा हिशेब मांडला नाही.

काही उघडली होती, हेही खरे. महात्मा फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि एका विधवेच्या पुत्रास, यशवंतास, आपला मुलगा केले. खुद्द आमच्या पंढरपुरात, १८७५ च्या सुमारास, लालशंकर उमियाशंकर या न्यायाधीशांच्या पुढाकाराने टाकलेल्या अर्भकांसाठी आश्रम निघाला, तो प्रार्थना समाजाने चालविला. यात्रेचे गाव म्हणजे पुण्य जोडण्याचे ठिकाण, तसेच लोकलाजेस्तव पोटचा गोळा गुपचूप ठेवून जाण्याचेही. क्षेत्रस्थ माणसाने हे सांगू नये, पण ठाऊक सर्वांस असते.

धर्मशास्त्राचा मुद्दा येथेच घ्यावा. स्मृतिकारांनी बारा प्रकारचे पुत्र सांगितले. त्यांत 'अपविद्ध' म्हणजे आईबापांनी टाकलेला व दुसऱ्याने उचलून घेतलेला, आणि 'स्वयंदत्त' म्हणजे निराधार होऊन आपण होऊन कोणाच्या पदरी पडलेला, असे दोन आहेत. शास्त्रात अनाथास जागा होती, यास याहून निराळे प्रमाण नको. पुढे कलिवर्ज्याच्या नावाखाली औरस आणि दत्तक हे दोनच उरले, आणि दत्तक द्यायचा तो आईबापांनीच, असा नियम दृढ झाला. परिणाम असा विपरीत की ज्याला आईबाप आहेत तोच मुलगा दत्तक जाऊ शके. ज्याला नाहीत त्याला देणार कोण? म्हणून त्याला घेणारही नाही. दत्तकाचा विचार पिंडदानासाठी झाला, बालकासाठी झाला नाही. ही चूक १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा आणि त्याची १९६२ ची दुरुस्ती यांनी सुधारली. न्यायालयाच्या अनुज्ञेने पालकास मूल देण्याची मुभा मिळाली, आईबापांचा पत्ता नसलेलेही त्यात आले. आणखी एक गंमत. इतके अनाथाश्रम चालविणाऱ्या ख्रिस्ती समाजास मात्र या देशात कित्येक दशके मूल कायद्याने दत्तक घेता येत नव्हते. १८९० च्या कायद्याखाली केवळ पालकत्व मिळे. बालन्याय कायद्याने ती अडचण अलीकडे दूर केली.

ख्रिस्ती मंडळींत आज जो विचारपालट चालू आहे, तो मला त्यांच्या पूर्वीच्या कार्याहूनही अनुकरणीय वाटतो. म्युलरच्या त्या भव्य इमारती विसाव्या शतकाच्या मध्यास विकल्या गेल्या आणि संस्थेने मुलांना लहान घरांतून ठेवण्याचा मार्ग धरला. रुमानियात १९८९ साली राजवट कोसळली तेव्हा सरकारी आश्रमांतील लक्षावधी मुलांची दशा जगापुढे आली. त्यानंतर २००० साली बुखारेस्ट येथे १३६ बालकांचा अभ्यास सुरू झाला. त्यांतील निम्मी कुटुंबांत ठेवली. आश्रमात राहिलेल्यांहून कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी व भावना अधिक फुलल्या, आणि दोन वर्षांच्या आत जी गेली त्यांना सर्वाधिक लाभ झाला. युनिसेफने २०१५ साठी दिलेल्या अंदाजात अनाथांची संख्या १४ कोटी आहे. त्यांत दोन्ही पालक गमावलेली मुले सुमारे दीड कोटी. याचा अर्थ, उरलेल्या बहुसंख्यांची आई किंवा बाप हयात आहे. पुष्कळ मुले मायेवाचून नव्हे, दारिद्र्यामुळे आश्रमात जातात. म्हणून आता कॅथॉलिक रिलीफ सर्व्हिसेससारख्या संस्था आश्रमास पैसा देण्यापेक्षा ते मूल ज्या आजीकडे, मावशीकडे राहू शकते तिला उभे करण्यावर भर देत आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनेही डिसेंबर २०१९ च्या ठरावात हीच दिशा दाखविली.

हे ऐकून आपल्या घरांतील थोरली माणसे म्हणतील, यात नवे ते काय? मामाकडे वाढलेला भाचा आणि चुलत्याने शिकविलेला पुतण्या आपल्याकडे घरोघर होता. होता खरा. मी स्वतः वेदपाठशाळेत असता सात घरी सात वार लावून जेवलो आहे. त्यांतील पाच घरी घरच्या मुलांच्या पंक्तीत पान मांडीत. दोन घरी निराळे. आज साठी उलटल्यावर त्या पाच घरांचे पदार्थ आठवत नाहीत, त्या दोन घरांचा ओटा मात्र आठवतो. जनाबाईविषयी त्या बाईंनी विचारले ते याच ओट्याविषयी होते.

आता चालू स्थिती. दत्तकाचे काम 'कारा' या केंद्रीय प्राधिकरणामार्फत होते. २०२४-२५ साली देशात ४,५१५ दत्तकविधाने झाली, आणि बारा वर्षांतील तो उच्चांक होता. प्रतीक्षेत असलेली दांपत्ये तीस हजारांच्या वर आहेत. मुले थोडी आणि इच्छुक फार, असे वरवर दिसते. पण मोठ्या वयाची, भावंडांसह असलेली व अपंग मुले वाट पाहतच राहतात, कारण मागणी तान्ह्या, निरोगी बाळाची. सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात, त्याने विलंब घटावा अशी अपेक्षा आहे. आप्तांकडे वाढणाऱ्या मुलांसाठी महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना आहे. २०२३ मध्ये तिचे साहाय्य महिना २,२५० रुपये झाले. केंद्राच्या मिशन वात्सल्यात ४,००० रुपये आहेत. किती देवस्थाने, किती भजनी मंडळे आपल्या गावातील अशा घरांना अर्ज लिहून देतात? ख्रिस्ती मंडळी रविवारी व्यासपीठावरून घोषणा करतात, आपल्याकडे कीर्तनाच्या आरंभी अन्नदात्यांची नावे वाचतात. त्या यादीनंतर दोन वाक्ये याविषयी बोलण्यास काय हरकत आहे? यात्रेत एकटे मूल सापडले तर परस्पर कोणाच्या हाती न देता १०९८ या क्रमांकावर कळवावे, एवढे तरी प्रत्येक फडावर सांगता येईल. आणि घरातील मुलांनी एकादशीच्या फराळाचे पैसे वाचवून डबा भरला, तर तो कोठे द्यावा हे त्यांना ठरवू द्यावे. मोठ्यांनी ठरविलेले दान मुलांच्या लक्षात राहत नाही.

त्या खांबाशी थांबलेल्या बाईंचे सांगायचे राहिले. त्यांच्या घरी वारलेल्या बहिणीची मुलगी होती, सातवीत. मला त्यांच्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही, तसे मी त्यांना म्हणालोही. "उत्तर नको बुवा," त्या म्हणाल्या, "मला शाळेच्या अर्जावर नाव काय लावायचं ते सांगा." नाव मुलीच्या आईबापांचेच लावा, पालक म्हणून तुमचे लिहा, असे मी सांगितले आणि दुसऱ्या दिवशी द्वादशीचे पारणे आटोपून आम्ही दोघे बालसंगोपनाचा अर्ज भरण्यास बसलो. मृत्यूचा दाखला, शिधापत्रिका, शाळेचा दाखला, बँकेचे पुस्तक. मुलगी शेजारी बसून पेन्सिलीने माझ्या टाळाच्या दोरीस रंग देत होती. ती आईला काय म्हणायची आणि मावशीला काय म्हणते, हे मी विचारले नाही. अर्ज दुमडताना तिने "आई, सही राहिली," म्हटले, तेव्हा कळले.