श्रद्धा ठेव म्हणता, तजवीज कोण करणार?

परदेशात शिकून मुलगी घरी आली की पहिले चार दिवस कौतुकाचे. पाचव्या दिवसापासून ‘आता पुढे काय?’ सुरू होतं. नोकरी मिळेना, लग्न लांबलं, की सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य : ‘श्रद्धा ठेव, सगळं चांगलं होईल.’ एम.एस.डब्ल्यू.नंतर काही वर्षं काम करून मी पुढच्या शिक्षणासाठी बाहेर गेले आणि परतले, तेव्हा मलाही हे पुष्कळ ऐकावं लागलं. ‘स्वामींवर भार टाक,’ आत्या म्हणाली. मी स्वतः देव मानते, त्यामुळे आत्याची चेष्टा करायची नाही. पण याच घरात भाऊ नोकरी शोधत होता, तेव्हा त्याला कुणी श्रद्धा ठेवायला सांगितलं नव्हतं. त्याच्यासाठी ओळखी काढल्या गेल्या, मुंबईत काकांकडे राहायची सोय झाली. मुलाच्या भविष्याची तजवीज करायची आणि मुलीचं भविष्य देवावर सोडायचं, ही कुठली श्रद्धा?

श्रद्धेचीच गोष्ट करायची तर पंडिता रमाबाईंची करू. नवरा वारलेला, पदरात लहान मनोरमा, अशा स्थितीत त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या. तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. मायदेशी परतून विधवांसाठी शाळा काढायची, हे मनात पक्कं होतं. पण या श्रद्धावान बाईनं नुसती वाट पाहिली नाही. हिंदू उच्चवर्णीय स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ठिकठिकाणी व्याख्यानं दिली. १८८७ च्या अखेरीस बॉस्टनमध्ये त्यांच्या नावानं मंडळ स्थापन झालं आणि त्यानं शाळेला दहा वर्षं मदत करायचं पत्करलं. १८८९ च्या फेब्रुवारीत त्या मुंबईला परतल्या आणि ११ मार्चला शारदा सदन सुरूही झालं! तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून वादळ उठलं, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या, तरी सदन बंद पडलं नाही. त्यामागे रमाबाईंची श्रद्धा होती आणि दहा वर्षांची हमीही होती.

तजवीज केली की सगळं सुरळीत होतं, असंही नाही. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ साली परतल्या, त्या कोल्हापूरच्या रुग्णालयातली नेमणूक हाती घेऊन. पण आजारानं ती जागा घेऊ दिली नाही. १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षंही पुरी होण्याआधी, त्या गेल्या. माणसाच्या हातात नसलेलं असं पुष्कळ असतं. श्रद्धेची खरी जागा तिथे आहे. जे हातात आहे, ते टाळण्यासाठी श्रद्धा पुढे करू नये.

आमच्या सल्ला केंद्रात येणाऱ्या मुलींच्या बाबतीत हे टाळणं फार दिसतं. वडिलांचं घर तारण ठेवून शिक्षणासाठी कर्ज काढलेलं असतं. परतल्यावर हप्ता सुरू होतो आणि घरच्यांना एकदम ‘चांगलं स्थळ’ दिसू लागतं. मुलगी म्हणते, थोडं थांबा, मी फेडीन. उत्तर येतं, ‘देवाच्या मनात आहे म्हणूनच स्थळ चालून आलंय.’ कर्ज बँकेचं, घाई घरच्यांची, आणि नाव मात्र देवाचं! अशी श्रद्धा बाईला बळ देत नाही, तिचा निर्णय काढून घेते. म्हणून कुणी ‘श्रद्धा ठेव’ म्हणालं, की एवढंच तपासावं : यानं मी उठून कामाला लागते, की गप्प बसते?

मैत्रिणींनो, रमाबाईंच्या मागे मंडळ उभं राहिलं. आज परतणाऱ्या मुलीमागे कोण आहे? हे काम आपल्या गटांनी अंगावर घ्यायला हवं. एकट्या बाईला खोली देणाऱ्या घरमालकांची यादी करू. आधी परतलेल्या बायकांची नव्यांशी गाठ घालून देऊ. आणि मुलगी निघण्यापूर्वीच कर्जाचे कागद तिच्याबरोबर बसून वाचू : हप्ता केव्हा सुरू होणार, किती, आणि नोकरी लांबली तर बँकेशी काय बोलायचं. तुमच्या गावात यातलं काय जमेल, ते जरूर कळवा.